थापटलेला फणस

फणस तयार झाला की नाही, हे आपल्या घरात आजोबाच थापटून सांगतात. तेवढा एकच निर्णय आता त्यांच्याकडे उरला आहे. हल्ली त्यांना ऐकू येत नाही; पण तुमच्या काकूने ओटीवर फणस आणला की ते थापटतात, कान लावतात आणि हळूच माझ्याकडे बघतात. आवाज बद्द आला की मी मान डोलावते. "झाला," ते म्हणतात. या वयात दोघांत मिळून एक कान धड असला तरी संसार चालतो.

काल ऐन वेळी माझ्या नाकावर माशी बसली आणि मी जोरात मान झटकली.

"कच्चा आहे," आजोबांनी जाहीर केलं.

ओटी वासाने घमघमत होती. मी तोंड उघडणार, तोच काकूने डोळे वटारले.

"बाबा म्हणतात म्हणजे कच्चाच," असं म्हणून तिने फणसावर पोतं घातलं.

आज त्यांनी पुन्हा थापटला. मी मान लचकेपर्यंत डोलावली.

"आता झाला. काल कापला असतात तर फुकट गेला असता."

एरवी करकरीत लागणारे गरे आम्ही सगळ्यांनी चमच्याने खाल्ले.