पिंगळीच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी

काल एका गाडीचं जुनं ऑइल काढताना तोच जळका वास आला आणि पिंगळीच्या रस्त्यावरची ती दुपार आठवली. आजही डोकं तापतं.

वालूरच्या एका शेठची महागडी एसयूव्ही इंजिन जाम होऊन बंद पडली होती. मी परभणीहून मेकॅनिक म्हणून गेलो. ऑइल तपासायची पट्टी, डिपस्टिक, ओढली, तर तिला डांबरासारखं घट्ट, काळं ऑइल चिकटलेलं.

"यानंच गाडीची वाट लावली," शेठ ड्रायव्हरकडं बोट दाखवत म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

ड्रायव्हर बसवअप्पा पन्नाशीचे. हळूच म्हणाले, "शेठ, धा हजार किलोमीटर झाले तवाच ऑइल बदलू म्हणलो व्हतो. तुमी म्हणलात, एवढी भारी गाडी हाय, तिला काय हुतंय."

शेठनी मला विचारलं, "तू सांग, चूक कुणाची?"

वर्षभर ऑइल बदललेलं नाही, हे मला दिसत होतं. पण शेठ माझं मोठं गिऱ्हाईक. मी म्हणालो, "गॅरेजात खोलल्याशिवाय सांगता येणार नाही."

बसवअप्पांनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि ते पिंगळीच्या रेल्वे स्टेशनकडं चालू लागले.

तेव्हा वाटलं, मधे पडलो नाही ते बरं केलं. आता शेठच्या मुजोरीपेक्षा माझ्या त्या वाक्याचीच जास्त चीड येते.