मोकळा दिलेला प्रोग्राम कुलपात

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहून राह्यले.

शुद्धलेखन तपासणारा मराठी प्रोग्राम मी दोन वर्षं खपून लिहिला आणि कोडसकट सगळ्यांना दिला. लायसन्सची अट एकच: वापरा, बदला, विका, पण पुढच्यालाही कोड द्या.

आज भोकरदनच्या एका शाळेत गेल्ते. मराठी शिकवणाऱ्या सुनंदाबाई म्हणाल्या, "मॅडम, पोरी निबंधात तिफण, वखर, सरकी असे शेतीतले शब्द लिहितात आणि हा प्रोग्राम चूक दाखवतो. आपले शब्द घालता येतील का?"

पाहते तर माझाच प्रोग्राम! नाव दुसऱ्याचं, कोड गायब, शब्दांची यादी बंद.

ज्यानं तो शाळेला विकला, त्या जालन्यातल्या विक्रेत्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "तुम्हीच फुकट दिल्तं ना? मंग आता काय?"

"विकायला माझी हरकत न्हाई. पण बदल करायचा बाईंचा हक्क तुम्ही कसा काढून घेतला?"

त्यानं फोन ठेवला.

मी माझी मूळ प्रत बसवून दिली. शाळा सुटेपर्यंत बाई शब्द घालत बसल्या.

पण त्यानं विकलेल्या बाकीच्या शाळांचं काय? मी त्याला नोटीस पाठवणार आहे. लायसन्ससाठी असं कुणी भांडलंय का इथं?