कुलपावर कुलूप

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भाडेकरूच्या कुलपावर आमचं कुलूप लावणं. निजामपुऱ्यात तेव्हा बरेच मालक असंच करायचे. कोर्टात कोण जातो! भाडेकरू कामावर गेला की त्याच्या कडीला आपलं कुलूप अडकवायचं, संध्याकाळी तोच धावत येतो. ऐंशी सालाच्या पुढची वर्षं, लूमला, म्हणजे यंत्रमागाला, मंदी होती. त्या खोलीचं चार महिन्यांचं भाडं थकलं होतं.

घर आमचं खारबावला. जमिनीचा तुकडा विकून निजामपुऱ्यात चार खोल्या बांधल्या होत्या. त्या दुपारी बाजाराला निघालो तेव्हा पिशवीत कुलूप घेतलं. वाटेत ती म्हणाली, "त्यांचा पगार पंधरवड्याला होतो. तुम्ही महिन्याला मागता, तवर पैसा त्यांच्या गावाला गेलेला असतो. दर पगाराला अर्धं अर्धं घ्या ना."

"वकील हायेस काय त्यांची?"

"वकील असते तर तुमच्याशी लगीन केलं असतं काय?"

पुढे मी अर्धं अर्धंच घेत आलो आणि भाडं कधी फार थकलं नाही. पण त्या दिवशी ऐकलं नाही. तिने पिशवी धरली, मी कुलूप लावलं.

आत माणूस झोपला होता. आम्हाला ते माहीत नव्हतं. खोलीत दोघे राहायचे, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. आतली कडी तुटली होती. ती मी दुरुस्त करायची होती, केली नव्हती. म्हणून दिवसपाळीचा जाताना बाहेरून कुलूप लावायचा, झोपलेल्याच्या उशाचं कोणी उचलून नेऊ नये म्हणून. संध्याकाळी चहाच्या सुट्टीत येऊन उघडायचा. आतल्याला रात्री आठला लूमवर उभं राहावं लागे. मंदीत एक खाडा पडला की लूम दुसऱ्याला.

आम्ही घरी आलो. तिने चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच खाली बसली. छातीत दुखतंय म्हणाली. गाडी दारात येईपर्यंत संपलं होतं. मुलगी लांबून यायची होती, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं.

सकाळी उजाडताना दिवसपाळीचा भाडेकरू सायकलवरून आला. अंगणात माणसं बघून त्याने डोक्याला रुमाल बांधला आणि कोपऱ्यात बसला. मला वाटलं मयताला आला. मग वाटलं, ह्याला कळवलं कोणी?

"कुछ नहीं चाचा. बाद में," तो म्हणाला.

"बोल ना रे."

मग त्याने सांगितलं. साथीदार कालपासून आत आहे, त्याची रातपाळी बुडाली. ह्याची पाळी सुटायला रात्र झाली, तेव्हा खिडकीच्या गजांतून रोटी-पाणी दिलं.

"अरे, तोडायचं ना कुलूप!"

"आपका ताला है चाचा. चार महीने का भाड़ा बाकी, ऊपर से ताला भी तोड़ें?"

चावी त्याच्या हातात दिली असती तर दार उघडलं असतं, लूम परत मिळाला नसता. मी त्याच्या सायकलवर मागे बसलो. तिचा भाऊ ओरडला, "बायको घरात पडलीय नि हा चालला भाडं वसूल करायला!"

कुलूप काढलं. आतला माणूस आधी संडासाकडे पळाला. तो आल्यावर त्याला घेऊन कारखान्यावर गेलो. शेठ म्हणाला, "त्याचा लूम मी दुसऱ्याला दिला. खाडे करणारा माणूस मला नको."

"खाडा त्याचा नाही. मी त्याला कोंडला होता."

"आणि हे सांगायला तुम्ही एवढ्या सकाळी आलात?"

"घरी मयत आहे, शेठ. काय ते लवकर बोला."

तो त्या माणसाकडे वळून म्हणाला, "रात को आ जा."

दिवसपाळीचा तिथूनच कामाला लागला. जो आत कोंडला होता त्यानेच मला सायकलवर बसवून खारबावला आणलं. मुलगी आली होती. मग बायकोला नेलं.