आईची धुतलेली बोटं

“जीभ काढ,” मोठे डॉक्टर म्हणाले.

आईने काढली. ती स्टुलावर बसली होती. पाय सुजून एवढे झाले होते की चपला मी हातात घेऊन उभी होते. भोवती पांढऱ्या कोटातले बारा-पंधरा विद्यार्थी. बुधवार होता. बुधवारी त्या वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवायचे, आणि शिकवायला माणूस लागतो. त्या दिवशी आमची पाळी.

“बघा हं,” डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले. “ही बाई मिठागरात मीठ ओढते. म्हणते, तीन महिने मिठाला शिवले नाही. लघवीचा रिपोर्ट म्हणतो, मीठ आहे आणि भरपूर आहे. आता सांगा, बाई खोटं बोलते की लघवी?”

विद्यार्थी हसले. आईला कळलं नाही की जीभ आत घ्यायची की नाही. ती तशीच बसून राहिली, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. मलाही तिला सांगवेना, की आये, घे आत.

“सायेब, मी मीठ खाल्ला नाय,” ती शेवटी म्हणाली. “एकवीरा आईची आन.”

“आण-शपथा घरी. तुम्हा लोकांना मीठ सुटत नाही हे आधीच ओळखायला हवं होतं मी.” त्यांनी कागदावर इंग्रजीत दोन ओळी खरडल्या. “हिचं नाव काढा. यंत्र हिच्यासाठी नाही. सांगितलेलं ऐकणारे पुष्कळ रोगी रांगेत आहेत.”

संपलं. दुसऱ्या खाटेकडे गेले सगळे.

मोठ्या डॉक्टरांच्या मागे आमचा दादा उभा होता. आमचा म्हणजे नात्याचा नव्हे. अलिबागचा तरुण डॉक्टर, त्यांच्या हाताखाली शिकणारा. त्याला सगळं माहीत होतं. पण हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे आशेने बघितलं. तो हातातली वही चाळत होता.

आमचं गाव खाडीच्या काठाला, रेवसपासून चालत दीड तासावर. एका बाजूला भाताची खारी जमीन, दुसऱ्या बाजूला मिठागरं. आई तिथे फावड्याने मीठ ओढायची. बाप मी लहान असतानाच गेला. चौथीनंतर मीही तिच्याबरोबर जायला लागले. मिठाच्या पाण्यात उभं राहून आमच्या टाचा फुटतात, त्याला कोणी आजार म्हणत नाही. म्हणून आईचं तोंड सुजलं तेव्हा आधी आम्ही त्यालाही आजार म्हटलं नाही. मग एका सकाळी तिचे डोळेच उघडेनात.

लाँचने भाऊच्या धक्क्यावर नेली. मोठ्या इस्पितळात सांगितलं, मूत्रपिंडं निकामी होत चाललीत. तिथे रक्त धुण्याचं यंत्र नुकतंच आलं होतं. ते फार थोड्यांना मिळायचं. मोठे डॉक्टर एक अभ्यास करत होते: मीठ बंद केलं, तर यंत्रावर घेतलेला रोगी किती दिवस तग धरतो. त्या अभ्यासात जो बसेल त्याला यंत्र. आई बसली. म्हणजे तिला बसवलं. अंगठा घेतला.

दोनदा घेतली तिला यंत्रावर. मोठं पिंप, त्यात पाणी, आणि नळ्यांतून फिरणारं माझ्या आईचं रक्त. मी दाराच्या काचेतून बघत होते, एकवीरेचं नाव घेत. आई मात्र बाहेर आली ती हसत.

“अगो, यो तर आपला मिठागर हाय,” म्हणाली. “पानी फिरवतान नि नको त्या काढून घेतान. मना इचारला असता तर मीच सांगितला असता कसा करायचा.”

सूज उतरली. कित्येक महिन्यांनी मला तिचा चेहरा दिसला. इस्पितळात ती एकच कुरकुर करायची, की इथल्या पाण्याला चवच नाही. आम्ही हसायचो. तेव्हा हसण्यावारी नेलं, याची मला आता लाज वाटते.

घरी पाठवताना दादाने पथ्य समजावलं. मीठ नाही, सुकी मासळी नाही, लोणचं-पापड नाही. दर पंधरा दिवसांनी एक दिवस-एक रात्रीची सगळी लघवी बाटलीत भरून आणायची. रिपोर्ट चांगले आले तर तिसऱ्यांदा यंत्र. त्या तिसऱ्या पाळीवर आमचा सगळा जीव टांगलेला.

घरी आल्याबरोबर मी मिठाचं मडकं उचलून शेजारच्या काकूकडे नेऊन ठेवलं. मिठागरवाल्याच्या घरात मीठ नसणं म्हणजे काय, ते आमच्या गावात विचारा. दिवस मावळताना प्रत्येक बाई ओटीत ओंजळभर मीठ घेऊन घरी येते, ती आमची रीत. मी रिकाम्या ओटीने यायला लागले. एकाच भांड्यात दोघींचं अळणी शिजवायचे. भात अळणी, कालवण अळणी. आईने एका शब्दाने तक्रार केली नाही. दर पंधरा दिवसांनी बाटली फडक्यात गुंडाळायची, मांडीवर धरून लाँचमध्ये बसायचं. लोक विचारायचे, काय गो, काय नेतेस? मी म्हणायचे, औषध.

दादा दोनदा आमच्या घरी आला. अभ्यासातल्या रोग्यांची घरं बघायला म्हणून. पहिल्यांदा आला तेव्हा मी चटई टाकली, कळशीतून तांब्या भरून दिला. शिकलेली माणसं आमच्या घरी पाणी पीत नसत. नको नको, आत्ताच प्यालो, असं म्हणत. दादा प्याला. एक घोट घेतला, थांबला, तांब्यात बघितलं. मग पिशवीतून एक छोटी बाटली काढून त्यात पाणी ओतून घेतलं. “वाटेत लागेल,” म्हणाला.

मला केवढा अभिमान वाटला! गावभर सांगितलं मी. आमच्या घरचं पाणी प्याला डॉक्टर, आणि वर बरोबर घेऊन गेला. त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणायला लागले.

आणि मग तो बुधवार.

परतीच्या लाँचमध्ये माझ्या डोक्यात किडा शिरला. एवढा मोठा माणूस. एवढी यंत्रं. ती खोटं कशाला बोलतील? माझ्या मागे खात असेल का? काकूकडे जाऊन? मी मिठागरावर असताना दिवसभर घरी एकटी तर असते.

घरी आल्यावर मी घर उलटंपालटं केलं. पत्र्याचा डबा, गोधडीची घडी, चुलीमागचा कोनाडा. काही सापडलं नाही. काकूकडे जाऊन विचारलं. ती माझ्या अंगावर धावून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने जेवणाआधी हात धुतले, वाऱ्यावर वाळवले आणि ताटावर बसली. मी तिचा हात धरला आणि तिची बोटं चाटली.

खारट होती.

“आता बोल!” मी ओरडले. “आता बोल, आये! खोटी! तुज्यापायी मी अलनी खाते, नि तू मागं मीठ खातेस?”

आईने हात काढून घेतला नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे. म्हणाली, “तू पन गो?”

एवढंच. त्यानंतर तिने माझ्यापुढे शपथ घेतली नाही, की मी खात नाही म्हणून. जेवण जवळजवळ सोडलंच. पाणी मात्र मागायची. तहान फार लागायची तिला. मी देत होते. भरभरून देत होते. अळणी पेज देत होते, त्याच पाण्यात शिजवलेली.

मीठ काढायचं काम आटोपलं त्या आठवड्यात ती गेली. शेवटचे दोन दिवस तिला श्वास पुरत नव्हता. मी पायाशी बसून होते आणि मनात तिच्यावर रागावले होते. हे मी लपवणार नाही. मरणाऱ्या आईवर मी रागावले होते, कारण एका कोटातल्या माणसाने मला तसं शिकवलं होतं.

दिवाळीनंतर दादा परत आला. बरोबर लाकडी खोका, त्यात शंभरेक रिकाम्या बाटल्या, सुया, कापूस. देवळाच्या ओट्यावर त्याने मांडामांड केली. गावातल्या प्रत्येकाचं रक्त आणि लघवी हवी होती. बदल्यात ताकदीच्या गोळ्या. बायका रांगेत उभ्या राहिल्या, बाह्या वर केलेल्या. मला त्याने हाक मारून जवळ बोलावलं, नावं लिहून घ्यायला. मी लिहीत होते.

“तुझ्या आईमुळे फार महत्त्वाची गोष्ट हाती आली,” तो म्हणाला. खूश होता. “तुमच्या विहिरीचं पाणी. भलतंच खारं आहे ते. तुम्हाला मिठागराच्या पाण्याची सवय, म्हणून तुमच्या जिभेला ते गोड लागतं. धडधाकट माणसाला एक वेळ चालतं. तिच्या मूत्रपिंडांना झेपत नव्हतं. भातातून, पेजेतून, चहातून, रोज मीठ जात होतं पोटात. आता सगळ्या गावाचा अभ्यास करणार आहे मी. माझा स्वतःचा.”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. धुतलेली बोटं. तिने हात धुतले होते. ज्या पाण्याने धुतले ते सुकून मागे राहिलेला खार होता तो, मिठागरात राहतो तसा. मी तिची बोटं चाटली नव्हती, विहीर चाटली होती.

“कधी कळला तुमाला?” मी विचारलं.

“पहिल्यांदा आलो तेव्हाच शंका आली. बाटली नेली नव्हती का मी? चार दिवसांत आकडा हातात होता.”

पहिल्यांदा. म्हणजे त्या बुधवारच्या कितीतरी आधी.

“म्हंजे ती जीभ काढून बसलेली, तवा तुमाला ठावं होता?”

तो खाली बघायला लागला. चष्मा काढून पुसला. “सरांच्या पुढे तसं बोलता येत नाही,” म्हणाला. “आणि एकदा तपासून भागत नाही, पुन्हा पुन्हा बघावं लागतं. मधेच पाणी बदललं असतं तर अभ्यासाचे सगळे आकडे बाद झाले असते. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण पुढे किती लोकांना फायदा होईल याचा विचार कर.”

माझी आई पुढच्या लोकांत बसत नव्हती.

एक हंडा गोडं पाणी. दुसऱ्या गावाहून मी डोक्यावर आणलं असतं. रोज आणलं असतं, दोन खेपा केल्या असत्या, त्यात काय मोठंसं? फक्त कोणी सांगायला हवं होतं. ज्याला माहीत होतं तो माझ्या चटईवर बसून गेला होता. मोठ्या डॉक्टरांचा राग येतो मला, पण त्यांनी आम्हाला कधी आपलं म्हटलं नव्हतं. ह्याला मी दादा म्हटलं होतं.

मी घरी गेले. मोठ्या डॉक्टरांनी दोन ओळी खरडलेला तो कागद त्या बुधवारी आमच्याच हातात दिला होता, तो पेटीत होता. शाळेतल्या गुरुजींकडून मी तो वाचून घेतला होता. लिहिलं होतं: रोगी पथ्य पाळत नाही, खोटं सांगते. तो कागद आणून मी त्याच्यापुढे ठेवला.

“याच्या खाली लिवा. बाई खरा बोलत होती. मीठ पान्यान होता. नि आमाला त्या ठावं होता. सही करा.”

“केसपेपरवर असं मागाहून लिहिता येत नाही गं.”

“मग रगात पन नाय.”

रांगेतल्या बायकांना मी सगळं सांगितलं, पहिल्या तांब्यापासून. काकू पहिली बाहेर पडली, बाही खाली करत. मग दुसरी. दोघी-तिघी माझ्यावरच चिडल्या, गोळ्या गेल्या म्हणून. चिडू देत. सगळ्या बाटल्या मी स्वतःच्या हाताने खोक्यात परत भरल्या, रिकाम्या. तो खोका उचलून निघाला तेव्हा मला म्हणाला, “तू गावाचं नुकसान करते आहेस.” मी म्हटलं, “डॉक्टर, वाट तिकडं हाय.” मी त्याला दादा म्हटलं नाही.

तेव्हापासून आम्ही बायका पाळी लावून वरच्या गावाहून प्यायचं पाणी आणतो. ते मला फिकं लागतं. आईला इस्पितळातलं लागायचं तसंच.

परवा बुधवार आहे. सकाळच्या लाँचने मी जाणार आहे. ज्या बाटलीतून आईची लघवी नेत होते तीच बाटली घासून, आमच्या विहिरीच्या पाण्याने भरून ठेवली आहे. कागदही घेतला आहे. वॉर्डात विद्यार्थी जमलेले असतील. मोठे डॉक्टर असतील, त्यांच्या मागे वही घेऊन तोही असेल. त्या सगळ्यांच्या मधे, आई बसली होती त्याच स्टुलाशी मी उभी राहणार आहे. हाकललं तर पुढच्या बुधवारी येईन. आणि त्याच्या पुढच्या. कागदावरचं ते वाक्य माझ्या डोळ्यांदेखत खोडलं जाईपर्यंत आमच्या गावातून रक्ताचा एक थेंब त्यांना मिळणार नाही.

बाटलीचं बूच मी तिथेच काढीन आणि दोघांनाही सांगेन, जीभ काढा.