झाली की पहिली तूच

विलास गेला हे मला त्याच्याच फोनवरून कळलं. दुपारची वेळ. त्याचं नाव दिसताच मी नेहमीसारखी थट्टा केली, "काय मिस्त्री, झाली का गाडी?" पलीकडे त्याची बायको, सुमनवहिनी होत्या. "भावोजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. गॅरेजात काम करता करता खाली बसला तो उठलाच नाही. वहिनींनी ती थट्टा मनाला लावून घेतली नाही, मला मात्र ती अजून टोचते.

आम्ही महाडच्या शाळेत एका बाकावरचे. मी पुढे मास्तर झालो, त्याने पोलादपुरात, आंबेनळीच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. मार्चात चवदार तळ्यावर येणाऱ्यांच्या जीपा वाटेत बंद पडत, तेव्हा हा भरल्या ताटावरून उठून जायचा. त्याचा एकच हट्टी नियम होता. काम पुरं झाल्याशिवाय गाडीत दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, मालक का असेना.

बारा वर्षांपूर्वी घाटात मुंबईच्या एका साहेबाची जुनी इटालियन स्पोर्ट्स कार बंद पडली. निळी, दोनच माणसांची, लांबच्या रस्त्यावर सुसाट पळायला केलेली. साहेब वाट पाहून कंटाळला आणि कागदपत्रांसकट ती विलासच्याच गळ्यात टाकून मोकळा झाला. विलासला आभाळ ठेंगणं झालं. सुटे भाग मिळेनात, तर हा लेथवर स्वतः घडवायचा. गाडी इतकी बुटकी की गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. म्हणून तो चाचणीला निघाला की मी पुढे चालायचं, गतिरोधकाला दोन फळ्या लावायच्या, गाडी गेली की उचलून पुढच्याकडे पळायचं. वर हाच आतून विचारणार, "मास्तर, दम लागला काय रे?"

वहिनींनी सुरुवातीला विचारलं होतं, मला कधी बसवता? तो म्हणाला, "झाली की पहिली तूच. सरळ आंबेनळी चढून महाबळेश्वर." पण 'झाली' हा शब्द त्याच्या तोंडून कधी आलाच नाही. कधी ब्रेक, कधी काच, कधी सीटची शिलाई. "अजून एक काम बाकी हाय गो." पुढे वहिनींनी विचारणंच सोडलं. मी एकदा चिडून म्हटलं, "नियम घाल चुलीत, तिला एक चक्कर मारून आण." तो नुसता हसला. त्याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

पुण्यानुमोदनानंतर आठवड्याने वहिनी म्हणाल्या, "विका ती. उभी ठेवली तर उंदीर वायरी खातील. चालती हाय तवर कोणाकडं तरी चालूदे." जाहिरात मीच लिहिली. 'जुनी इटालियन स्पोर्ट्स कार, दोन सीट, चालू स्थितीत.' कुणी चालू ठेवली, हे लिहायला जागा नव्हती...

गेल्या रविवारी पुण्याहून एक जाणकार तरुण आला. तासभर त्याने गाडी खालून-वरून तपासली, बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन ऐकत राहिला. दारातून वहिनींनी विचारलं, "काय काम बाकी हाय हिच्यात?"

"काहीच नाही, काकू. एकदम पूर्ण आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

वहिनींनी पदर सारखा केला. "मंग मी बसू?"

तीस वर्षं वहिनी विलासच्या जीपमध्ये डावीकडे बसत आल्या. पाय सवयीने डाव्या दाराकडेच वळले. पण गाडी परदेशातून आणलेली, तिचं स्टिअरिंग डावीकडे. मी काही बोलायच्या आत त्या बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर त्याच्या हातांनी गुळगुळीत झालेलं चाक होतं. "ही तं ह्यांची जागा..." म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई हमसून हमसून रडली. मी उजवं दार उघडलं. "वहिनी, उतरून इकडून या." त्यांनी नकारार्थी मान हलवली. साडी सावरत, गिअरच्या दांड्यावरून कशाबशा पलीकडे सरकल्या आणि मांडीवर हात ठेवून, समोरच्या घाटाकडे बघत बसून राहिल्या.

तरुण माझ्याकडे पाहत होता. घाटात एक चक्कर मारून मगच सौदा, असं ठरलं होतं. इंजिन चालू होतं, चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. तिथे बसा, असं त्याला म्हणायची माझी छाती झाली नाही.