ताईची टाच

माझ्या थोरल्या बहिणीची उजवी टाच दुखायला लागली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. वडील गेल्यावर ताई डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. बाटल्यांना लेबलं लावायची, बाटल्या खोक्यांत भरायच्या. आठ तास उभ्याने, सिमेंटच्या जमिनीवर, झिजून पातळ झालेल्या स्लिपर घालून. मी कॉलेजात होते ती तिच्याच जिवावर.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की ती भिंत धरायची. "खिळा घुसल्यासारखं होतं गं," म्हणायची. मोरीपर्यंत लंगडत जायची आणि चहा होईतो नीट चालायलाही लागायची. त्यामुळे आम्हाला ते दुखणं फारसं खरं वाटायचं नाही. आई वीट तापवून तिच्यावर रुईची पानं ठेवायची, ताई त्यावर टाच शेकायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, वात आहे, बटाटा बंद कर. ताईने बटाटा बंद केला.

त्या मे महिन्यात ठाण्याचं एक स्थळ आलं. याआधीची दोन फिसकटली होती, कारण ताईच्या मागे आई आणि मी होतो. या लोकांनी मात्र आधीच कळवलं होतं, लग्नानंतर तिने माहेरी हातभार लावला तरी आमची हरकत नाही. त्या आठवड्यात ताई भाकऱ्या थापताना गुणगुणायची. ती गुणगुणते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

रविवारी पाहुणे यायचे होते. मी सकाळपासून तिला कशाला हात लावू दिला नाही. म्हटलं, "आज पाय दुखवू नकोस. स्टुलावर बसून राहा, बोलावतील तेव्हाच ऊठ." पाहुण्यांना उशीर झाला. दीड तास ती तशीच बसून होती. मग आईने हाक मारली. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन उठली आणि पहिल्याच पावलाला तिचा चेहरा पिळवटला. बाहेरच्या खोलीत ती लंगडतच गेली.

"पायाला काय झालंय?" मुलाच्या आईने विचारलं.

"टाच दुखते."

"कधीपासून?"

"चार महिने झाले." ताईला खोटं बोलता येत नसे.

आठ दिवसांनी मध्यस्थ येऊन आईला सांगून गेले, "मुलीच्या पायात दोष आहे, असं म्हणणं पडलं त्यांचं."

दुसऱ्या दिवशी ताईने अर्धी रजा टाकली. आम्ही दोघी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्क होते, सावकाश बोलायचे. एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "हाड जरासं वाढलंय, पण दुखणं त्याचं नाही. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. दिवसभर कडक जमिनीवर उभं राहून तो टाचेपाशी दुखावलाय. आपण झोपलो, बसलो की तो आखडतो, आणि उठल्यावर पहिल्या पावलांना एकदम ताणला जातो. म्हणून बराच वेळ बसून उठलं की जास्त दुखतं. उठायच्या आधी पाऊल थोडं ताणून घ्यावं, घरातल्या घरात चार पावलं टाकावीत. मग इतकं लंगडायला होत नाही."

मला ताईकडे बघवेना. ती विचारत होती, "बरं होईल ना?"

"होईल. पण सहा महिने लागतील, कदाचित वर्षही."

त्यांनी भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची कशी ते दाखवलं. सकाळी अंथरुणातच पावलाला टॉवेल अडकवून स्वतःकडे ओढायचा, संध्याकाळी बर्फाने शेकायचं. शिवाय मऊ रबरी तळाच्या चपला, कारखान्यात आणि घरातसुद्धा.

घरात चपला हे आमच्याकडे अवघडच होतं, देव स्वयंपाकघरात होते. आईने त्याच संध्याकाळी देव्हारा बाहेरच्या खोलीत कपाटावर हलवला. ताईला म्हणाली, "घाल. पायही त्यानेच दिलेत."

वर्षभरात टाच बरी झाली. स्थळं मात्र ताईने त्यानंतर घरात येऊ दिली नाहीत. आईने पुष्कळ समजावलं. "मला परत कुणासमोर चालून दाखवायचं नाही," एवढंच ती म्हणायची. माझं लग्न झालं, मी कल्याणला गेले. आई गेली. कारखाना बंद पडला आणि ताई घरी ब्लाउज शिवायला लागली, त्या दोन खोल्यांत, एकटी.

किती वर्षं माझ्या मनात ते होतं. एका दुपारी ती काजं करत बसली असताना मी बोलून टाकलं, "ताई, त्या दिवशी मी तुला बसवून ठेवायला नको होतं."

"तुला काय ठाऊक? चांगल्यासाठीच सांगितलंस." सुई न थांबवता ती म्हणाली. मग पुढचं काज घेत, "मुलगा चांगला होता गं. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाला, 'डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.' डॉक्टरांना दाखव असं कुणी म्हटलं नव्हतं तोपर्यंत."

तिने दोरा तोडला आणि माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं.