कुत्र्याचं सोवळं

तेलुगू राज्य फुटून त्याची दोन व्हायच्या त्या दिवसांत वडिलांच्या सरकारी ऑफिसात खुर्च्या-कपाटांचीसुद्धा वाटणी चालली होती. त्यातच तारनाक्याच्या घरी आम्ही पाळलेल्या तांबड्या कुत्र्याच्या गळ्याखाली गाठी आल्या. कॅन्सर निघाला. दर आठवड्याला किमोचं इंजेक्शन ठरलं. कुत्र्यालाही किमो देतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तेलुगू, पण आमच्याशी दख्खनीत बोलायच्या. त्यांनी आईला बजावलं, "सुई दिए बाद दो दिन दस्ताने बगैर हाथ नक्को लगाओ. बर्तन अलग, बिस्तर अलग, कपड़े भी अलग धोना."

आईची कळी खुलली. तिच्या सोवळ्याची आम्ही आयुष्यभर टर उडवली होती. "बघा," ती रिक्षात म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

मग तिने घर डोक्यावर घेतलं. कुत्र्याची थाळी वेगळी, चटई वेगळी. त्याच्या जवळून नुसतं गेलं तरी हातपाय धुवायचे. "तिकडे राज्याची वाटणी, इकडे ताटवाट्यांची," वडील म्हणायचे. स्वयंपाकघराचा उंबरा तर कुत्र्याला पहिल्यापासूनच बंद होता.

तिसऱ्या इंजेक्शननंतर मात्र त्याने अन्न सोडलं. तीन दिवस झाले तरी दूध नको, दहीभात नको. वडिलांनी आईच्या नकळत इराणी हॉटेलातून उकडलेलं अंडं आणलं, त्याकडेही त्याने पाठ फिरवली. खाल्लं नाही तर पुढची सुई देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं. मी पार हादरले.

दुसऱ्या दिवशी आई सोवळ्यात नैवेद्याचं पान वाढत होती. गरम वरणभातावर तूप पडलं आणि उंबऱ्याबाहेर निपचित पडलेल्या कुत्र्याने मान उचलली. आई थबकली. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, पान उचललं आणि बाहेर येऊन त्याच्यापुढे बसली. भात कालवला, फुंकर घालून निववला. "देवाला गरम चालतं, याला नाही," ती म्हणाली. कुत्र्याने भात संपवला आणि तिचा हात कोपरापर्यंत चाटला. मला रडूच आलं. वडील दारातून पाहत होते.

आईने पुन्हा आंघोळ केली, पुन्हा कुकर लावला. देव त्या दिवशी दुपारी उशिरा जेवला.

पुढची सुई वेळेवर झाली. हळूहळू गाठी विरल्या, एका राज्याची दोन झाली, वेगळी चटईही गेली. आमच्या घरी पहिलं पान मात्र कुत्र्याचंच राहिलं, आणि देवाने कधी तक्रार केली नाही.